परदेशात अडकल्यावर आपली वकिलात काय करते, काय करत नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तीसेक वर्षं मी बॅलार्ड इस्टेटमधल्या एका शिपिंग ऑफिसात क्रू खात्यात काढली. पोरांना बोटीवर चढवायचं, उतरवायचं, आणि मधे काही बिनसलं की बंदरातल्या एजंटापासून एम्बसीपर्यंत सगळ्यांच्या मागे लागायचं. आता निवृत्त आहे. दर शनिवारी संध्याकाळी दादरच्या एका वाचनालयात बसतो आणि कोणाचा मुलगा, कोणाचा जावई, कोणाची पुतणी परदेशात अडचणीत असली की घरचे येऊन विचारतात. तेच तेच प्रश्न पुन्हा येतात, म्हणून इथे लिहून ठेवले. क्रमांक दिलेत, म्हणजे एकच गोष्ट दोनदा सांगायला नको.

१. एम्बसी, कॉन्सुलेट, वकिलात, दूतावास: नेमकं जायचं कुठे?

वकिलात आणि दूतावास म्हणजे एम्बसीच. ती त्या देशाच्या राजधानीत असते आणि तिथल्या सरकारशी बोलते. मोठ्या देशांत इतर शहरांतही कॉन्सुलेट असतात, ती माणसांची कामं करतात: पासपोर्ट, दाखले, तुरुंगातली भेट, मृत्यूचे कागद. तुम्ही कुठे जायचं हे तुम्ही राहता त्या गावावरून ठरतं. अबुधाबीत असाल तर एम्बसी, दुबई-शारजा-अजमानच्या बाजूला असाल तर दुबईचं कॉन्सुलेट. सौदीत दम्मामवाल्यांनी रियाधकडे जायचं, मक्का-मदिनेवाल्यांनी जेद्दाकडे. चुकीच्या ऑफिसला मेल टाकला की दोन दिवस नुसते 'पुढे पाठवले आहे' यात जातात.

जिथे भारताचं कार्यालयच नाही, तिथला भार शेजारच्या देशातल्या आपल्या वकिलातीकडे दिलेला असतो. काही ठिकाणी मानद कॉन्सुल असतो, बहुधा तिथलाच कोणी प्रतिष्ठित माणूस. तो निरोप पोचवेल, ओळख काढून देईल, पण सगळी कामं त्याच्या हातात नसतात.

२. भाचा जर्मनीत अडकलाय. मुंबईतल्या जर्मन कॉन्सुलेटमध्ये जाऊन बसू का?

नको. हा प्रश्न महिन्यातून एकदा तरी येतो. मुंबईतली परदेशी कॉन्सुलेट त्यांच्या नागरिकांसाठी आणि व्हिसासाठी आहेत. तुमचा भाचा भारतीय, तेव्हा त्याची जबाबदारी जर्मनीतल्या भारतीय कार्यालयांची: बर्लिनची वकिलात, नाहीतर फ्रँकफर्ट, म्युनिक, हॅम्बुर्ग यांपैकी जवळचं कॉन्सुलेट. वांद्र्याच्या बीकेसीत अमेरिकन कॉन्सुलेटच्या फाटकावर रडून काही होत नाही. तिथून थोड्याच अंतरावर विदेश भवन आहे, त्याबद्दल पुढच्या प्रश्नात.

३. आम्ही मुंबईत बसून तक्रार कुठे करायची?

पहिली जागा म्हणजे परराष्ट्र मंत्रालयाचं 'मदद' पोर्टल, २०१५ पासून चालू आहे. नातेवाईकालाही तक्रार नोंदवता येते. तक्रारीला क्रमांक मिळतो, ती थेट त्या देशातल्या आपल्या कार्यालयाकडे जाते आणि वेळेत हालचाल झाली नाही तर वरच्या अधिकाऱ्याकडे चढते. नोकरीसाठी गेलेल्यांच्या बाबतीत १८०० ११ ३०९० हा भारतातून लावायचा फुकट हेल्पलाइन नंबर आहे. आणि स्वतः जायचं असेल तर बीकेसीतलं विदेश भवन. २०१७ मध्ये ते सुरू झालं. पासपोर्ट कार्यालय, परदेशी नोकरीला जाणाऱ्यांची मंजुरी बघणारं 'प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स' कार्यालय आणि मंत्रालयाचं शाखा सचिवालय, सगळं एका छताखाली आलं. त्याआधी लोक या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरायचे.

तक्रार कशी लिहायची हे मात्र नीट ऐका. 'माझ्या मुलाला वाचवा हो' हे मला कळतं, पण तिकडच्या अधिकाऱ्याला त्यावर काही करता येत नाही. पहिल्या पाच ओळींत हे हवं: पासपोर्टवरचं पूर्ण नाव, पासपोर्ट नंबर, त्या देशातला पत्ता आणि फोन, मालकाचं किंवा कंपनीचं नाव, काय झालं आणि कोणत्या तारखेला. रडगाणं सहाव्या ओळीपासून. मी एका बाईंचा साडेतीन पानांचा अर्ज वाचलाय. त्यात मुलाच्या पत्रिकेतला शनी होता, पासपोर्ट नंबर नव्हता.

४. कॉन्सुलेट काय करू शकत नाही?

तुरुंगातून सोडवू शकत नाही. कोर्टात तुमची बाजू मांडू शकत नाही, वकिलांची यादी देतं. दुसऱ्या देशाचा व्हिसा मिळवून देत नाही, कर्ज फेडत नाही, हॉटेलचं बिल भरत नाही, हरवलेलं सामान शोधत नाही. तिथला कायदा तुम्हाला लागू होतोच, आपल्याकडे तो गुन्हा असो वा नसो. खसखस घ्या. आपल्याकडे अनारशाला लागते, आखातात काही ठिकाणी ती अमली पदार्थात मोडते आणि तुरुंग घडवते. दिवाळीचा फराळ पाठवणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचा.

५. पासपोर्ट चोरीला गेला. आता?

आधी तिथल्या पोलिसांत तक्रार आणि तिची प्रत. मग आपलं कॉन्सुलेट. तिथे दोन वाटा असतात. राहायचं असेल तर नवा पासपोर्ट, त्याला वेळ लागतो. परत यायचं असेल तर इमर्जन्सी सर्टिफिकेट, ज्याला सगळे ईसी म्हणतात. ते फक्त भारतात येण्यापुरतं, एकाच फेरीचं. त्यावर पुढची युरोप टूर होत नाही. तिकीटही शक्यतो थेट विमानाचं काढा, मधल्या विमानतळांवर ईसीवाल्याला त्रास होऊ शकतो. आखातात नुसतं ईसी हातात आलं म्हणजे सुटलात असं नाही. तिथून बाहेर पडायची त्यांची परवानगी आणि मुदत ओलांडल्याचा दंड हा वेगळा हिशेब.

सगळा खेळ तुम्ही भारतीय आहात हे किती लवकर सिद्ध होतं यावर आहे. कागद नसेल तर पडताळणी इकडे तुमच्या पोलीस ठाण्यापर्यंत येऊ शकते, आणि मग दिवस मोजत बसा. माझ्या मेहुण्याचा पासपोर्ट मिलानच्या स्टेशनवर गेला, पाउचसकट. मोबाईलही त्यातच. बहिणीने निघताना बेसनलाडवांच्या डब्यात तळाला कागद म्हणून पासपोर्टचीच जादा झेरॉक्स घातली होती. तुपाने पारदर्शक झालेली ती झेरॉक्स त्याने काउंटरवर ठेवली. बाईंनी ती उजेडात धरली, नंबर वाचला आणि म्हणाल्या, बसा. दुसऱ्या दिवशी ईसी हातात होतं. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगतो: एक प्रत मेलवर, एक सामानात, एक घरी. लाडू ऐच्छिक.

६. मालकाने पासपोर्ट स्वतःकडे ठेवलाय. हे चालतं का?

नाही. १९६७ च्या पासपोर्ट कायद्यानुसार पासपोर्ट ही कायम भारत सरकारची मालमत्ता असते. तुमचीही नाही, मग मालकाची कुठून? तरीही आखातात हे सर्रास होतं. भांडण न करता आधी पासपोर्टचा आणि इकाम्याचा (तिथे राहण्याच्या परवान्याचा) फोटो जवळ ठेवा, मग कॉन्सुलेटकडे लेखी तक्रार करा. पळून जायच्या आधी हे करा, नंतर नको. सौदीत कामावरून पळालेल्याला मालक 'हुरूब' लावतो, म्हणजे फरारी जाहीर करतो, आणि मग बुडालेल्या पगाराची केस बाजूला राहून तुम्हीच आरोपी होता. दुबई, रियाध, जेद्दा आणि क्वालालंपूर इथे प्रवासी भारतीय सहायता केंद्रं आहेत, तिथे आपल्या भाषेत समजावून सांगणारं माणूस मिळतं.

७. 'ईसीआर' शिक्का म्हणजे काय? एजंट म्हणतो व्हिजिट व्हिसावर जा, तिकडे बदलून देतो.

एजंट खोटं बोलतोय, एवढं आधी लक्षात घ्या. ईसीआर म्हणजे 'एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड'. दहावी न झालेल्यांचे पासपोर्ट साधारणपणे ईसीआर असतात. अशांना १८ ठरावीक देशांत नोकरीला जाण्याआधी प्रोटेक्टरची मंजुरी लागते. सगळे आखाती देश त्यात आहेत, शिवाय मलेशिया, थायलंड, इंडोनेशिया, जॉर्डन, इराक वगैरे. फिरायला जायला ही मंजुरी लागत नाही, आणि एजंट नेमकी ही फट वापरतो. तुम्ही पर्यटक म्हणून जाता, तिकडे कामाला लागता. करारनामा कुठेच नोंदलेला नाही, विमा नाही.

मंजुरी घेऊन गेलात तर प्रवासी भारतीय बीमा योजनेचा विमा सक्तीने काढावा लागतो. दोन वर्षांचे २७५ रुपये, तीन वर्षांचे ३७५, वर कर. अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर १० लाखांचं संरक्षण. एजंटाला घेता येणारी फी कायद्याने ३० हजार रुपये आणि वर जीएसटी, बस्स. दीड लाख मागतोय तो काय विकतोय ते विचारा. नोंदणीकृत एजंटांची यादी ई-मायग्रेट पोर्टलवर आहे, नावाने शोधता येते.

दहावी-बारावी झालेल्यांनीही हुरळून जाऊ नये. थायलंडमध्ये डेटा एंट्रीची नोकरी म्हणून नेलेली पदवीधर पोरं सीमेपलीकडे म्यानमारच्या म्यावाडीत सायबर फसवणुकीच्या कोठ्यांत कोंडली गेली. मार्च २०२५ मध्ये त्यातल्या शेकडोंना हवाई दलाच्या विमानांनी आणावं लागलं. त्यांच्या पासपोर्टवर ईसीआर शिक्का नव्हता.

८. पगार नाही, तिकिटाला पैसे नाहीत. सरकार आणतं का?

आणू शकतं. प्रत्येक वकिलातीकडे भारतीय समुदाय कल्याण निधी असतो, २००९ मध्ये तो सुरू झाला. पासपोर्ट-व्हिसाच्या फीबरोबर सगळ्यांकडून थोडी रक्कम घेऊन तो जमतो. २०१७ मध्ये नियम सैल केले. त्यातून अडकलेल्याची तात्पुरती राहण्या-जेवणाची सोय, परतीचं तिकीट, तातडीचे उपचार, कायदेशीर मदत, किरकोळ दंड आणि मृतदेह आणण्याचा खर्च होऊ शकतो. 'होऊ शकतो' हे शब्द महत्त्वाचे. माणूस खरोखर गरजू आहे का, हे अधिकारी बघतात. इकडे कांदिवलीत दोन फ्लॅट असलेल्याने हक्काने मागू नये. पण बरेच लोक संकोचाने मागतच नाहीत, तेही चूक. मागणी लेखी करा आणि निधीचं नाव लिहून करा.

एक बारीक कलम कोणी सांगत नाही. सरकारी खर्चाने परत आणलेल्या माणसाने तो खर्च फेडला नसेल, तर पासपोर्ट कायद्याच्या कलम ६ नुसार पुढचा पासपोर्ट नाकारता येतो. पासपोर्टच्या फॉर्ममध्ये 'ईसीवर परत आलात का, हद्दपार झालात का' असा प्रश्न असतो तो उगाच नाही. तिकीट मिळालं तेव्हा काय सही केली, निधीतून मदत होती की परतफेडीची हमी, त्याची प्रत सांभाळा.

९. हॉस्पिटलचं बिल?

प्रवास विमा. युरोपच्या शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा विमा लागतोच. अमेरिकेला जाताना कोणी सक्ती करत नाही आणि फटका तिथेच जास्त बसतो. निधीचं वर लिहिलंय (प्रश्न ८), पण मुलाकडे न्यू जर्सीला गेलेल्या सासऱ्यांची बायपास त्यातून होईल या भरवशावर राहू नका.

१०. अटक झाली तर कॉन्सुलेटला आपोआप कळतं का?

नेहमी नाही. १९६३ च्या व्हिएन्ना कराराचं कलम ३६ असं सांगतं: अटक झालेल्या परदेशी माणसाला त्याचा हा हक्क सांगायचा, आणि त्याने *मागणी केली* तर विनाविलंब त्याच्या कॉन्सुलेटला कळवायचं. मागणी केली तर! गप्प बसलात तर पोलिसांवर तेवढं बंधन राहत नाही. म्हणून एक इंग्रजी वाक्य पाठ करून जा: 'आय वॉन्ट टू कॉन्टॅक्ट द इंडियन कॉन्सुलेट.' न समजणाऱ्या भाषेतल्या कागदावर सही करू नका.

कॉन्सुलेटचा माणूस मग भेटायला येऊ शकतो, वकिलांची नावं देतो, घरी कळवतो, मारहाण होत असेल तर तिथल्या सरकारकडे विषय नेतो. हा हक्क किती खरा आहे ते मुंबईकर कुलभूषण जाधव यांच्या खटल्यात दिसलं. पाकिस्तानने २०१७ मध्ये लष्करी न्यायालयात फाशी सुनावली, आपल्याला एकदाही भेटू दिलं नव्हतं. भारत हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला आणि १७ जुलै २०१९ रोजी पाकिस्तानने कलम ३६ मोडलं असा निकाल लागला. शिक्षेचा फेरविचार करा आणि तोवर फाशी देऊ नका, असं न्यायालयाने सांगितलं. सोडून द्या असं मात्र सांगितलं नाही. प्रश्न ४ मध्ये लिहिलेली मर्यादा हेगलाही आहे.

११. शिक्षा झाली. उरलेली भारतात भोगता येते का?

येते, पण करार असलेल्या देशांतूनच. २००३ चा कैदी प्रत्यावर्तन कायदा आहे. शिक्षा अंतिम झालेली हवी, म्हणजे अपील चालू नको. साधारण सहा महिने तरी शिल्लक हवेत. तो गुन्हा भारतातही गुन्हा असावा. फाशीची शिक्षा नसावी. आणि कैद्याची स्वतःची संमती, शिवाय दोन्ही देशांचा होकार. आई-बाबांनी अर्ज केला आणि मुलाने नको म्हटलं, तर विषय संपला. शिक्षा माफ होत नाही, फक्त भेटायला जायला विमानाऐवजी एसटी लागते.

१२. पालघरचे खलाशी पाकिस्तानात पकडले गेलेत. त्यांना हेच लागू?

वाट थोडी निराळी. २००८ च्या करारानुसार दोन्ही देश दर वर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला एकमेकांना कैद्यांची आणि मच्छीमारांची यादी देतात. आपलं माणूस त्या यादीत आहे का, हे आधी बघायचं. पालघर-डहाणूकडचे पुष्कळ खलाशी गुजरातच्या बोटींवर जातात, त्यामुळे तक्रार कोणी करायची यात दोन राज्यांमध्ये चेंडू फिरतो. वाट न बघता घरच्यांनी खलाशाचं ओळखपत्र आणि बोटीचा नोंदणी क्रमांक घेऊन आपल्या जिल्ह्यातच अर्ज द्यावा. भारतीय असल्याची पडताळणी शेवटी इथेच होते.

१३. मुलगा बोटीवर आहे. तीन महिने पगार नाही, कंपनी फोन उचलत नाही. बोट पनामाची, मालक ग्रीक, नांगर शारजाबाहेर. जबाबदार कोण?

हा माझा घरचा प्रश्न. उत्तर असं की सगळेच थोडे थोडे, म्हणून सगळ्यांना एकाच दिवशी कळवायचं.

बोटीच्या झेंड्याचा देश कायद्याने पहिला जबाबदार. पण पनामाच्या कार्यालयाला लिहून चेंबूरच्या आईला उत्तर येईल ही आशा कमी. तिने आधी कांजुरमार्गला जावं, नौवहन महासंचालनालयात, म्हणजे आपल्या भाषेत डीजी शिपिंगला. ज्या कंपनीने मुलाला चढवलं तिच्याकडे आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचा परवाना असेल तर डीजी तिला धरू शकतं, परवान्यावर आच आली की फोन उचलले जातात. सोबत यूएईतल्या आपल्या कॉन्सुलेटला मेल, आणि मुंबईतल्या नुसी किंवा मेरिटाइम युनियन या खलाशांच्या संघटनांना खबर. युनियनच्या मागे वाहतूक कामगारांचा आंतरराष्ट्रीय महासंघ आहे आणि बंदरात त्यांचे निरीक्षक असतात.

कायदा तुमच्या बाजूने आहे. सागरी कामगार करारात जानेवारी २०१७ पासून 'सोडून दिलेला खलाशी' कोण हे स्पष्ट केलंय: मालक परतीचा खर्च देत नाही, किंवा अन्न-पाणी-इंधनाविना टाकून दिलंय, किंवा किमान दोन महिन्यांचा करारातला पगार न देण्यासकट संबंधच तोडलेत. यांतलं एक पुरे. तीन महिने म्हणजे तुमचा मुलगा त्यात बसतो. मग बोटीच्या विमा कंपनीने चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार आणि घरी परतण्याचा खर्च द्यायचा असतो. त्या विम्याचं प्रमाणपत्र बोटीवर दिसेल असं लावलेलं असतं, बहुधा मेसच्या भिंतीवर. मुलाला सांगा, त्याचा आजच फोटो काढ.

आणखी दोन गोष्टी. एक, पगार मिळेपर्यंत बोट सोडायची का हा निर्णय युनियनच्या माणसाशी बोलून घ्या, रागाने नको. दोन, कोर्टाने बोट जप्त केली की काही ठिकाणी बोटीवरच्याच एखाद्या अधिकाऱ्याला तिचा ताबेदार नेमतात. तशी सही केली की बोट विकली जाईपर्यंत तुम्ही तिचे कैदी. कागद कितीही साधा दिसला तरी सही नाही.

परवाना नसलेल्या बेलापूरच्या एखाद्या एजंटाने चढवलं असेल तर? भारतीय नागरिक म्हणून कॉन्सुलेट मदत करेल, ती कोणी नाकारणार नाही. पण इथे धरायला कॉलर उरत नाही. अशा केशी मी वर्षभर चाललेल्या पाहिल्यात.

१४. तिकडे मृत्यू झाला. देह किती दिवसांत येतो?

नैसर्गिक मृत्यू असेल आणि मालक सरळ असेल तर काही दिवसांत. अपघात, आत्महत्या किंवा संशय असेल तर पोलीस तपास पुरा होईपर्यंत थांबावं लागतं, तिथे कॉन्सुलेटचंही चालत नाही. लागणारे कागद: तिथला मृत्यूचा दाखला, अनैसर्गिक मृत्यू असेल तर पोलीस अहवाल आणि त्याचं इंग्रजी भाषांतर, देह टिकवण्यासाठी लेप लावल्याचं प्रमाणपत्र, रद्द केलेला पासपोर्ट, आणि घरच्यांचं संमतिपत्र. उशीर बहुधा या शेवटच्या कागदाने होतो. देह आणायचा की तिथेच अंत्यविधी, हे घरच्यांनी एकमताने आणि लेखी सांगावं लागतं. बायको एक म्हणते, भाऊ दुसरं म्हणतो, आणि तिकडे देह शवागारात पडून राहतो. सौदीत दहन होत नाही हे ध्यानात घेऊन ठरवा. दुबईत स्मशानभूमी आहे. हजला गेलेल्यांचं दफन तिथेच होतं.

खर्च बहुतेक आखाती देशांत मालकाने करायचा असतो. त्याने हात वर केले तर निधी (प्रश्न ८).

मुंबईत देह प्रवाशांच्या दरवाजाने येत नाही, सहारच्या कार्गोतून येतो. मी चार वेळा गेलोय. पहाटे तीनची वेळ, ट्यूबलाइटचा पांढरा उजेड, बाजूला फळांची खोकी आणि मोटारीचे सुटे भाग. मग फोर्कलिफ्टवरून एक लाकडी पेटी येते, झाकणावर नाव, वजन आणि बिलाचा नंबर. खेडच्या एका पोराच्या पेटीवर नावाचं स्पेलिंग चुकलं होतं. त्याच्या चुलत्याने खिशातून पेन काढून ते तिथेच दुरुस्त केलं. कोणी अडवलं नाही.

बरोबर मृताच्या पासपोर्टची प्रत, घेणाऱ्याचं ओळखपत्र आणि विमान कंपनीच्या बिलाची प्रत ठेवा. विमानतळाच्या आरोग्य अधिकाऱ्याची मंजुरी २०२३ पासून ई-केअर पोर्टलवरून होते, पूर्वीचे हेलपाटे कमी झालेत. पेटी नेहमीच्या स्ट्रेचरपेक्षा बरीच मोठी आणि जड असते. शववाहिनीवाल्याला आधी माप सांगा आणि धडधाकट चौघं बरोबर न्या.

मृत्यूची नोंद तिथल्या आपल्या कार्यालयात करून घ्या. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम २० मुळे ती इथे ग्राह्य धरतात. पुढे बँक, सोसायटी, वारस सगळीकडे तोच कागद लागतो.

१५. युद्ध पेटलं तर सरकार फुकट आणतं का?

कधी हो, कधी नाही. १९९० साली कुवेतमधून निघालेले लोक अम्मानहून एअर इंडियाने आणले, ५९ दिवसांत ४८८ फेऱ्या, मुंबईच्या विमानतळावर नुसत्या अंगावरच्या कपड्यांनी उतरलेली कुटुंबं मी पाहिलीत. २०१५ मध्ये येमेनला नौदलाच्या बोटी गेल्या, त्यात आयएनएस मुंबईही होती. २०२२ मध्ये युक्रेनची 'ऑपरेशन गंगा' विमानं सरकारी खर्चाने होती, मात्र पोलंड, रुमानिया, हंगेरीच्या सीमेपर्यंत पोरांना स्वतःच पोचावं लागलं. २०२० च्या वंदे भारत मोहिमेत तिकिटाचे पैसे प्रवाशांनी भरले. तेव्हा धरून चालू नका. ज्या देशात जाताय तिथल्या आपल्या वकिलातीत नाव-पत्ता आधी नोंदवून ठेवा, यादी तिथूनच बनते.

१६. मुलगा आता अमेरिकन नागरिक आहे, ओसीआय आहे. त्याला दुबईत अटक झाली तर?

अमेरिकन कॉन्सुलेट. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की आपलं जातं, आणि ओसीआय, म्हणजे 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया' कार्ड, हे नाव काहीही असलं तरी नागरिकत्व नाही. बापाचं मन मानत नाही, माहीत आहे.

१७. नातीचा जन्म सिंगापूरला झाला. आपोआप भारतीय ना?

आपोआप नाही. जन्मापासून एक वर्षाच्या आत तिथल्या आपल्या कार्यालयात नोंद करावी लागते, बाळाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं पालकांनी लिहून द्यावं लागतं. वर्ष उलटलं तर केंद्र सरकारची परवानगी. पहिल्या वाढदिवसाची तारीख कॅलेंडरवर केकसाठी नाही, यासाठी मांडा.

१८. नोव्हेंबरात आम्ही मुलाकडे असतो. हयातीचा दाखला आणि फ्लॅटच्या मुखत्यारपत्राचं काय?

हयातीचा दाखला आपलं कॉन्सुलेट देतं, पासपोर्ट आणि पेन्शनचे कागद घेऊन जा. मोबाईलवरून जीवन प्रमाणही होतं.

मुखत्यारपत्र तिथे कॉन्सुलेटसमोर सही करून साक्षांकित होतं. लोक चुकतात ते पुढे. तो कागद महाराष्ट्रात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत इथलं मुद्रांक शुल्क भरावं लागतं. कपाटात ठेवून गिऱ्हाईक मिळाल्यावर काढला की दंड.

१९. जावई मुलीला कॅनडात सोडून गायब झाला. घटस्फोट कॉन्सुलेट थांबवेल?

तिथल्या कोर्टातलं नाही थांबवू शकत. वकील, समुपदेशन, राहायची सोय आणि परतीचं तिकीट यात मदत होते. इकडे राष्ट्रीय महिला आयोगाकडे एनआरआय विवाहांसाठी वेगळा कक्ष आहे, तिथेही तक्रार द्या. तिकडून आलेली नोटीस न वाचता परत पाठवू नका, एकतर्फी निकाल तसेच लागतात.

२०. मुलगा सज्ञान आहे, दीड वर्ष फोन नाही. कॉन्सुलेट त्याचा पत्ता का देत नाही?

शोध घ्यायला ते तिथल्या पोलिसांना सांगू शकतात, आणि मदद पोर्टलवर अशी तक्रार करताही येते (प्रश्न ३). पण सज्ञान माणूस सापडला आणि 'घरी काही सांगू नका' म्हणाला, तर त्याच्या संमतीशिवाय पत्ता मिळत नाही. गिरगावच्या एका बाईंना पाच आठवड्यांनी उत्तर आलं, एकच ओळ: आपला मुलगा सुखरूप आहे, तूर्त संपर्क ठेवू इच्छित नाही. त्यांनी मला ते तीनदा मोठ्याने वाचायला लावलं. मग पहिल्या अर्ध्या वाक्याची झेरॉक्स वेगळी काढून मिळेल का, असं विचारलं.